इशारा ऐकणाऱ्याची जबाबदारी

2013 सालच्या अखेरीस आमच्या गावात एक ग्रामसभा भरली होती. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीच्या काठचे. वर कातळाचा सडा, मधल्या उतारावर वाड्या आणि खाली खाडीच्या अंगाला आमचा मोहल्ला. आमचे गाव ‘इको सेन्सिटिव्ह’ होणार अशी वार्ता पसरली होती आणि या दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या भीतीप्रमाणे लावला होता. कुणी म्हणत होते, आता घराचे कौल बदलायला दिल्लीची परवानगी लागणार. कुणी म्हणत होते, आंब्याची फांदी तोडली तरी गुन्हा दाखल होणार. सभेत सर्वांत मोठा आवाज माझ्या मामूंचा होता. मामूंची सड्यावर चिरेखाण होती. ते उभे राहून म्हणाले, ‘‘ज्यांनी आपल्या शहरातले डोंगर सपाट करून बंगले बांधले, ते आता आम्हाला डोंगर कसा सांभाळायचा ते शिकवणार!’’ टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली.

ती टाळी आजही मला खटकते. कारण त्या सभेत बसलेल्यांपैकी बहुधा मी एकटाच असा होतो, ज्याने माधव गाडगीळ समितीच्या अहवालाचा काही भाग वाचला होता. मी शिक्षक. इंग्रजी अडखळत का होईना, समजते. गावात जे सांगितले जात होते, ते त्या अहवालात नव्हते हे मला ठाऊक होते. तरी मी गप्प राहिलो. माझ्या डी.एड.ची फी मामूंनी भरली होती आणि ज्या घरात मी राहतो त्याचे चिरे त्यांच्याच खाणीतले होते.

या लेखाचा विषय माझे मौन हा नाही. पण प्रश्न तिथून सुरू होतो. माणूस निसर्गाचे जे नुकसान करतो त्याबद्दल कुणी आगाऊ सावध करू लागले, तर ऐकणाऱ्याने काय करावे? मुकाट्याने मान्य करावे? की मतभेद व्यक्त करण्याचा त्याला अधिकार आहे? आणि असेल, तर तो अधिकार कुठपर्यंत?

आधी प्रकरण समजून घेऊ. केंद्र सरकारने मार्च 2010 मध्ये पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या सहा राज्यांतून गेलेल्या डोंगररांगेचा, म्हणजे सुमारे 1 लाख 29 हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचा, विचार तिला करायचा होता. ऑगस्ट 2011 अखेर अहवाल सादर झाला. त्यात सबंध घाट संवेदनशील मानून त्याचे तीन पट्टे सुचवले होते. सर्वांत नाजूक पट्ट्यात चिरेखाणी आणि वाळू उपशाला नवे परवाने देऊ नयेत, असलेल्यांवर कडक नियंत्रण ठेवावे, मोठी धरणे नकोत, रासायनिक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद करावीत, अशा शिफारशी होत्या. शेतजमिनीचा वापर बदलण्यावर बंधन होते, पण वाढत्या लोकसंख्येसाठी गावठाण वाढवायला सूट होती. घर दुरुस्त करू नका असे कुठेही म्हटलेले नव्हते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे पट्टे अंतिम नाहीत, ग्रामसभांशी बोलून ते ठरवावेत, असे समितीने स्वतःच म्हटले होते.

पुढे काय झाले? अहवाल मंत्रालयात पडून राहिला. माहिती अधिकारात मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करा असे सांगितले, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरल्यावर मे 2012 मध्ये तो लोकांसमोर आला. म्हणजे जवळजवळ नऊ महिने, ज्यांच्याबद्दल तो लिहिला होता त्यांनाच तो वाचता येत नव्हता. त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. एप्रिल 2013 मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने संरक्षित क्षेत्र सुमारे 37 टक्क्यांवर, साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणले. तेही लोकांना आणि राज्यांना जास्त वाटले. 2014 ते 2024 या काळात केंद्राने अधिसूचनेचे सहा मसुदे काढले.

केरळात तर आगडोंब उसळला. 2013 च्या नोव्हेंबरात डोंगरी जिल्ह्यांत बंद आणि जाळपोळ झाली. इडुक्कीचे तेव्हाचे खासदार पी. टी. थॉमस यांनी गाडगीळ अहवालाची बाजू घेतली, तर लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. 2014 च्या लोकसभेला त्यांच्या पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही आणि ती जागा अहवालविरोधी आंदोलनाच्या अपक्ष उमेदवाराने जिंकली. इशाऱ्याच्या बाजूने उभे राहणाऱ्याला काय किंमत पडते, ते यावरून कळावे.

आता या सगळ्या विरोधकांना ‘खाणमाफिया’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शहरातले पर्यावरणप्रेमी तसेच करतात. पण मी माझ्या मामूंना ओळखतो. त्यांनी तरुणपणी आखातात बारा वर्षे घाम गाळला आणि आणलेल्या पैशातून खाण घेतली. त्या खाणीवर गावातली आणि बाहेरून आलेली पंचवीस-तीस माणसे पोट भरत होती. ते मला एकदा म्हणाले होते, ‘‘मास्तर, तुमचा पगार पहिल्या तारखेला होतो. सडा राहो की जावो, तुमच्या पगाराला धक्का नाही. माझी खाण बंद झाली तर मी काय करायचे, ते त्या पुस्तकात लिहिले आहे काय?’’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आंब्याला फवारणी करणाऱ्या बागायतदाराचाही हाच प्रश्न होता. संरक्षण सर्वांचे आणि झीज मात्र काहींचीच, असा हिशेब मांडला गेला तर ज्यांची झीज होणार ते ओरडणारच. त्या ओरडण्यात स्वार्थ असेल, पण न्यायाची मागणीही आहे.

दुसरी गोष्ट. प्रत्येक इशारा खराच ठरतो असे नाही, आणि खोट्या ठरलेल्या इशाऱ्यांची किंमतही माणसांनीच मोजलेली असते. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1968 साली लोकसंख्येच्या स्फोटावर एक पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात दिल्लीतल्या एका रात्रीच्या टॅक्सीप्रवासाने होते. खिडकीबाहेरची माणसांची गर्दी पाहून लेखक घाबरला. 1970 च्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील असे भाकीत त्याने केले. तसे घडले नाही. पुढे 1980 मध्ये अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी त्यांच्याशी पाच धातूंच्या भावावर पैज लावली आणि 1990 मध्ये एर्लिख ती हरले.

पुस्तक चुकले एवढ्यावर हे थांबले असते तर काही बिघडले नसते. पण जगभर पसरलेल्या त्या भीतीच्या वातावरणातच आपल्याकडे आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या किती राजीखुशीच्या होत्या हे तो काळ पाहिलेल्यांना विचारावे. एप्रिल 1976 मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला घरे पाडली गेली, विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, एवढेच. आणि तेव्हापासून आजपर्यंत ‘लोकसंख्या’ हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याची नजर कुठल्या मोहल्ल्याकडे वळते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

म्हणून आपल्या समाजातला एखादा माणूस, कोणी शिकला-सवरलेला तज्ज्ञ धोक्याची घंटा वाजवू लागला की आधी कान टवकारतो आणि विचारतो, ‘या घंटेच्या आवाजात कुणाला हाकलायचे आहे?’, तर मी त्याला अडाणी म्हणणार नाही. तो प्रश्न अनुभवातून आला आहे.

पण इथेच एक गफलत होते. हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांची त्यांच्या लोकांनी टिंगल केली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातून काही जण असा अर्थ काढतात की ज्याची टिंगल होते तो बरोबरच असला पाहिजे. हा तर्क चुकीचा आहे. टिंगल मूर्खाचीही होते. मात्र याच्या उलट तर्कही तितकाच चुकीचा आहे. एक इशारा खोटा निघाला म्हणून पुढचा खोटा ठरत नाही. एर्लिख चुकले म्हणून गाडगीळ चुकत नाहीत. प्रत्येक इशारा त्याच्या पुराव्यावरच तपासावा लागतो, आणि तपासायचा तर तो आधी वाचावा लागतो. आमच्या ग्रामसभेत नेमके हेच झाले नव्हते.

इशाऱ्याची आणखी एक गंमत आहे. तो ऐकला गेला, तर खोटा वाटू लागतो. 1974 साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड या शास्त्रज्ञांनी सांगितले की शीतकपाटात आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे वायू वरच्या थरातला ओझोन नष्ट करतात. कंपन्यांनी बराच काळ ते मानले नाही. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरची विरळ झालेली ओझोनची चादर मोजली गेली आणि 1987 मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला. आज ती चादर हळूहळू सावरते आहे. परिणाम असा की आता लोक विचारतात, ‘ओझोनचे एवढे बोलत होते, कुठे काय झाले?’ काही झाले नाही, कारण ऐकले गेले. दवा घेऊन बरा झालेला माणूस जर म्हणू लागला की मुळात आजारच नव्हता, तर हकीम काय सिद्ध करून दाखवणार?

रेचल कार्सन यांचेही असेच. 1962 साली त्यांनी कीटकनाशकांच्या अतिवापराविरुद्ध लिहिले. रसायन कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. बाई हळवी आहे, भेदरलेली आहे असे म्हटले गेले. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीने त्यांचे म्हणणे बव्हंशी उचलून धरले आणि 1964 मध्ये कर्करोगाने त्या वारल्या. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली ती 1972 मध्ये. पुढे त्यांच्यावर आरोप झाला की त्यांच्यामुळे मलेरियाने माणसे मेली. वस्तुतः रोगराई पसरवणाऱ्या डासांसाठी डीडीटी वापरण्याची मुभा 2001 च्या स्टॉकहोम करारातही ठेवलेली आहे. त्यांचा आक्षेप होता तो वारेमाप फवारणीला. सावध करणाऱ्याच्या तोंडी तो जे बोललाच नाही ते घालायचे आणि मग त्याला झोडपायचे, ही रीत अमेरिकेत चालली तशीच आमच्या ग्रामसभेतही चालली.

आता दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. 30 जुलै 2024 च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यात डोंगर खचला. मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे चिखलाखाली गेली. अडीचशेहून अधिक माणसे मेली. ही गावे ज्या वैथिरी तालुक्यात येतात, तो गाडगीळ समितीने सर्वांत नाजूक पट्ट्यात घातलेला होता. तेरा वर्षांपूर्वी सांगितले होते, असे त्या आठवड्यात सर्वत्र छापून आले. ते खरेच होते. पण पूर्ण खरे होते का? दरड जिथून सुटली ती जागा उंचावरच्या जंगलात, सुमारे 1,550 मीटरवर होती. तिथे खाण नव्हती. दोन दिवसांत 570 मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला होता. तापलेल्या हवामानामुळे तो पाऊस सुमारे 10 टक्क्यांनी वाढला, असा अंदाज नंतर शास्त्रज्ञांनी मांडला. म्हणजे दोष फक्त मेप्पाडीच्या खाणवाल्याचा आणि मळेवाल्याचा नव्हता. जगभर धूर सोडणाऱ्यांचाही होता, आणि त्यात तुम्ही-आम्ही आहोत.

आपल्या राज्यातली इर्शाळवाडी घ्या. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या आदिवासी वाडीवर डोंगर आला. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नावच नव्हते. बरोबर दहा वर्षांच्या अंतराने वायनाडच्याच तारखेला, 30 जुलै 2014 रोजी, आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले होते आणि दीडशे माणसे गेली होती. तिथे उतारावरच्या सपाटीकरणाला दोष द्यायचा की पावसाला, यावर वाद झाला. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. इर्शाळवाडीच्या ठाकरांनी निसर्गाचे काय बिघडवले होते? ज्यांनी सर्वांत कमी ओरबाडले त्यांच्याच अंगावर डोंगर आला. त्यामुळे मढी बाहेर काढली जात असताना ‘आम्ही सांगितले होते’ असे म्हणणाऱ्याच्या सुरात मला एक प्रकारचे क्रौर्य जाणवते. इशारा देणाऱ्याचीही जबाबदारी असते. जेवढे माहीत आहे तेवढेच बोलावे. ज्याला झीज सोसावी लागणार त्याच्या पोटाची व्यवस्था आधी बोलावी. आणि आपले म्हणणे खरे ठरावे अशी इच्छा धरू नये.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? मला वाटते, मतभेद तीन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच आपला वाद नासतो. पहिला मतभेद वस्तुस्थितीविषयीचा : हे खरेच घडते आहे का, किती, कशामुळे? हा मतभेद रास्त आहे. त्याने ज्ञान वाढते. फक्त तो पुराव्याने करावा लागतो. दुसरा मतभेद वाटणीविषयीचा : झीज कोणी सोसायची? हाही रास्त आहे, किंबहुना आवश्यक आहे. मामूंचा प्रश्न याच जातीचा होता. फक्त त्यांनी तो पहिल्या जातीचा म्हणून मांडला. ‘माझे पोट जाईल’ असे म्हणण्याऐवजी ते ‘डोंगराला काही होत नाही’ असे म्हणाले. आपल्या अडचणीला आपण वस्तुस्थितीचे रूप देतो, ही माणसाची जुनी खोड आहे. अडचण सांगायला लाज वाटते, आणि सत्य नाकारायला मात्र वाटत नाही.

तिसऱ्या प्रकाराला मी मतभेद म्हणतच नाही. तो म्हणजे इशारा दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचू न देणे. अहवाल दडवून ठेवणे, त्यात नसलेले त्याच्या नावावर खपवणे, बोलणाऱ्याची अंत्ययात्रा काढणे. इथे ऐकणारा केवळ स्वतःपुरता निर्णय घेत नाही. तो दुसऱ्याचा निर्णय घेण्याचा हक्क काढून घेतो. सड्यावरचा माणूस धोका पत्करायला मोकळा असेल, पण खालच्या वाडीतल्या माणसाच्या वतीने तो धोका पत्करू शकत नाही. निदान त्याला न सांगता तरी नाही. जमीन सातबाऱ्यावर आपल्या नावाची असते. पण तिच्यातून झिरपून खालच्या विहिरीला जाणारे पाणी आपल्या नावाचे नसते. आपल्याकडे अमानत हा शब्द उठता-बसता वापरला जातो. अमानतीचा पहिला नियम हाच की तिच्याबद्दलची खबर मालकापासून लपवायची नाही.

या कसोटीवर मी स्वतःला लावतो तेव्हा मामूंपेक्षा माझा गुन्हा मोठा दिसतो. मामूंनी अहवाल वाचला नव्हता. मी वाचला होता. ते दुसऱ्या प्रकारचा मतभेद करत होते, मी तिसऱ्या प्रकारात सामील होतो. एका शब्दाचेही खोटे न बोलता, केवळ टाळी वाजवून.

2021 च्या जुलैत, ज्या दिवशी चिपळूण पाण्याखाली गेले, त्याच पावसात आमच्या सड्याचा कडेचा भाग खचला. मधल्या वाडीतली दोन घरे आणि एक गोठा गेला. माणसे आदल्या संध्याकाळी शाळेत हलवली होती म्हणून वाचली. खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्यामुळे हे झाले की नुसत्या पावसामुळे, हे मला सांगता येणार नाही. तपासायला कुणी आलेही नाही. सांगता येत नाही, म्हणून माझी सुटका होते असे मात्र मला वाटत नाही. त्या दोन घरांतल्या माणसांना 2013 साली मी जे वाचले होते ते कळले असते, तर कदाचित त्यांनी काहीच केले नसते. कदाचित खाणीचे पाणी बाजूच्या पऱ्याला काढून द्या एवढी मागणी केली असती. ते ठरवण्याची संधी त्यांची होती.

मामूंची खाण आता बंद आहे. कायद्याने नव्हे, चिरा संपला म्हणून. गेल्या ईदला त्यांच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता मी ती सभा काढली आणि अहवालात खरे काय होते ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘तेव्हा का नाही सांगितलेस?’’

मी म्हणालो, ‘‘तुम्ही रागावला असता, मामू.’’

‘‘रागावलो असतो,’’ ते म्हणाले. ‘‘भांडलोही असतो. पण भांडायला तरी मिळाले असते.’’

यंदा ग्रामसभेपुढे सड्याच्या दुसऱ्या टोकाला नव्या खाणीचा विषय आहे. अर्ज करणारा माझाच एक विद्यार्थी आहे, गरजू आहे आणि हुशारही. अहवालातला आमच्या तालुक्यापुरता भाग मी मराठीत लिहून काढतो आहे. तो वाचून दाखवल्यावर लोक काय ठरवतील ते त्यांचे. या वेळी मी टाळी वाजवणार नाही, एवढेच माझ्या हातात आहे.